एल निनोचा हिवाळा की ला निनाचा?

अमेरिकेच्या कॅन्सस-ओक्लाहोमा पट्ट्यात हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, कापणी जूनच्या सुमारास. एल निनो असला, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं, की तिथे हिवाळ्यात पाऊस-बर्फ सहसा जास्त. ओल खोल मुरते, फुटवे भरपूर येतात. तांबेऱ्याची, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाची, धास्ती वाढते खरी, पण मला विचाराल तर गव्हासाठी हाच हिवाळा बरा.

ला निनात, म्हणजे तेच पाणी नेहमीपेक्षा थंड असताना, बहुतेकदा आभाळ कोरडं. ढेकूळ हातात घेतलं की भुगा होतो, मुळं वरच्या वर राहतात. रोपांवर बर्फाचं पांघरूणही नसतं, त्यामुळे कडाक्याची थंडी थेट त्यांना गाठते. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निनाचे गेले. २०२३ मध्ये कॅन्ससमधली कितीतरी शेतं कापणीआधीच सोडून द्यावी लागली. कित्येक महिने जपलेलं पीक!