बेलीझची लमनाई बोट टूर: शिपवर असाल तर हीच घ्या

दापोली-गुहागर साईडची बरीच पोरं क्रूझवर आहेत आणि कॅरिबियनचं कॉन्ट्रॅक्ट लागलं की हमखास विचारतात, बेलीझला उतरून करायचं काय, तर सुट्टीवर घरी आलोय तोवर एकदाचं लिहून टाकतो. आयपीएम, म्हणजे पोर्टला असताना शिपवरच थांबायची ड्युटी, नसेल आणि दिवस मोकळा असेल तर लमनाई, माया लोकांचं जुनं शहर. जवळचं 'आल्तुन हा' नावाचं ठिकाणपण मायांचंच आहे, वेळही कमी जातो, पण तिथे नदीतून जायचं नाही आणि खरी मजा नदीचीच आहे.

पाणी उथळ म्हणून शिप लांबच नांगर टाकते, मग टेंडरने, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीने, शहरात, तिथून बसने ऑरेंज वॉककडे आणि पुढे न्यू रिव्हरमधून तासभर तरी होडी. होडी वळणं अशी मारते की पुढच्या बाकावरच्याचं तोंड आपोआप धुऊन निघतं, तिथे बसू नका. आमचा गाईड मात्र एक नंबर. मधेच इंजिन बंद केलं आणि एका वाळक्या खोडाकडे हात केला, मला आधी सालीचे ढलपेच वाटले, बघतो तर वटवाघळं, अंगठ्याएवढी, एकाखाली एक सरळ रांगेत चिकटलेली, तीपण भर उन्हात! होडी जवळ गेली तशी भुर्रकन उडाली आणि पुढच्या खोडावर परत तशीच रांग. सुसर दिसली, पण आम्ही वाशिष्ठीच्या खाडीवरची माणसं, आम्हाला काय त्याचं.

लमनाईला माणसं जवळजवळ तीन हजार वर्षं राहत होती, बाकी माया शहरं ओस पडली तरी हे चालूच होतं, स्पॅनिश आले तेव्हाही. त्यांनी चर्च बांधलं ते मायांनी १७व्या शतकात बंड करून जाळलं, त्याच्या भिंती अजून आहेत. आपल्याकडे जांभा तसा तिथे सगळा चुनखडीचा दगड. हाय टेंपल ३३ मीटर उंच, वर चढलात की खाली लगून, म्हणजे तळ्यासारखं पसरलेलं पाणी, आणि चारी बाजूंना नुसतं रान. मास्क टेंपलवर पुरुषभर उंचीहून मोठे चेहरे आहेत, पण दिसतात ते फायबरचे, खरे आत झाकून ठेवलेत, हे आधी कोणी सांगत नाही. चेंडूच्या खेळाचं छोटं मैदान आहे, तिथल्या मधल्या दगडाखाली खोदताना चक्क पारा सापडला होता, का ठेवला असेल देव जाणे.

हाऊलर माकडं ओरडायला लागली तेव्हा आमच्यातल्या दोघांनी जागीच पाय थांबवले. काय तो आवाज, वाघ डरकाळतोय जणू, पाचेक किलोमीटरवर ऐकू जातो म्हणतात. आणि वर बघावं तर काळं माकड निवांत पानं खात बसलेलं. टूकन पण दिसला, त्यांचा राष्ट्रीय पक्षी, चोच बघून आपला धनेश वाटतो, पण तो जातकुळीने सुतार पक्ष्याच्या जवळचा.

आता नावडलेलं. येताना एका होडीवाल्याने काठावरच्या स्पायडर मंकीला केळी देऊन होडीत बोलावलं, लोक फोटो काढतायत, खूश. माकडाला हाताने खायची सवय लागली की पुढे काय होतं ते आमच्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. दुसरं म्हणजे देवळांपाशी वेळ फारच कमी मिळतो, सारखं चला चला, शेवटचा टेंडर चुकेल. शिपची नसलेली बाहेरची टूर घेतली तर ही धाकधूक आणखी जास्त, शिप काही आपल्यासाठी थांबत नाही.

जेवण मस्त, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, चिकन आणि तळलेलं केळं. हाबानेरोचा सॉस जपून घ्या, लवंगी मिरची खाणाऱ्यांनीही. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन, अमेरिकन सगळीकडे चालतो, फक्त टीपसाठी सुट्टे न्या. डासांचं क्रीम आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो केळ्यांचा.