कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलल्यानंतर: खर्चाचा हिशेब आणि एका पावसाळ्याचा अनुभव

माझ्या पेट्रोल हॅचबॅकचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाच्या धुरातील घातक वायूंचे प्रमाण कमी करणारा डबा, निकामी झाला तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरने ५८ हजार रुपयांचे अंदाजपत्रक हातात ठेवले होते. प्रत्यक्षात कॉइल, प्लग, सेन्सर आणि मजुरी धरून सुमारे २५ हजारांत काम झाले. हे डिसेंबर २०२४ मधले. त्यानंतर गाडीने रत्नागिरीचा एक पूर्ण पावसाळा काढला आहे, कोल्हापूरला जाता-येता आंबा घाट चढला-उतरला आहे आणि खाऱ्या वाऱ्यात रोज उभी राहिली आहे. त्यामुळे बाजारातला स्वस्त कन्व्हर्टर टिकतो की नाही, याविषयी आता काही खात्रीने लिहिता येते. माझ्या बाबतीत तो टिकला आहे. मात्र त्याचे श्रेय मी नव्या कन्व्हर्टरला जितके देतो, त्याहून अधिक त्याच्या आधी बदललेल्या एका इग्निशन कॉइलला, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाला, देतो.

गाडी २०१४ साली पुण्यात घेतलेली, १२०० सीसीची, बीएस-४ या प्रदूषण मानकाची आहे. या पिढीतील बऱ्याच छोट्या गाड्यांप्रमाणे तिचा कन्व्हर्टर खाली सायलेन्सरच्या नळीत नसून इंजिनाला लागूनच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाशी, एकजीव केलेला आहे. इंजिन सुरू होताच तो लवकर तापावा, हा त्यामागचा हेतू असतो, कारण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय आतील रासायनिक क्रिया नीट सुरूच होत नाही. या रचनेचा ग्राहकाला बसणारा फटका असा, की कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत कन्व्हर्टर वेगळा मिळत नाही. मॅनिफोल्डसह अख्खा जोड घ्यावा लागतो. माझ्या अंदाजपत्रकात या एका जोडाचीच किंमत ५० हजारांच्या वर होती आणि उरलेली रक्कम गॅस्केट, नट-बोल्ट व मजुरीची होती. त्या वेळी या सुट्या भागावर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे आज हेच अंदाजपत्रक काही हजारांनी कमी येईल, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

एवढ्याशा डब्याला इतकी किंमत का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. डब्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची सिरॅमिक वीट असते आणि त्या कप्प्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. पहिले दोन धातू कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे ज्वलन पूर्ण करतात, तर ऱ्होडियम प्रामुख्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन करते. धातू ग्रॅमांतच असतो, पण ऱ्होडियम हा सोन्याहूनही महाग पडू शकणारा धातू आहे आणि २०२१ मध्ये त्याचा भाव एका औंसाला जवळजवळ २९ हजार डॉलरपर्यंत गेला होता. बाजारातील स्वस्त कन्व्हर्टर स्वस्त असण्याचे मुख्य कारणही हेच, की त्यात हा लेप कमी असतो. पत्र्याच्या दर्जाचा फरक त्यानंतर येतो.

आता बिघाडाविषयी, कारण खर्चाचा खरा निर्णय तिथेच होतो. २०२४ च्या पावसाळ्यात जोराची सर आली की गाडी मिसिंग करायची, म्हणजे एक सिलिंडर मधूनमधून पेटायचा नाही. गावातील एका गॅरेजमध्ये प्लग पुसून, हवा मारून गाडी परत दिली जायची आणि ऊन पडले की ती पुन्हा नीट चालायची. अशा वेळी चेक इंजिनचा दिवा नुसता लागत नाही, तो लुकलुकतो. आणि दिवा लुकलुकणे याचा अर्थच कन्व्हर्टरला इजा होईल इतके मिसिंग या क्षणी चालू आहे, असा असतो. न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते. एरवी ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान काम करणारा हा भाग हजार अंशांच्या पुढे गेला, की आधी धातूंचा लेप निकामी होतो आणि तापमान आणखी चढले तर सिरॅमिकच वितळून कप्पे बुजतात. पावसाळा संपेपर्यंत आंबा घाटात, जिथे गाडी पूर्वी तिसऱ्या गिअरवर सहज चढायची, तिथे दुसरा टाकूनही ती ओढेनाशी झाली होती. इंजिनाला श्वास सोडायलाच जागा उरली नव्हती.

मिरजोळे एमआयडीसीतील ज्या मेकॅनिककडे मी शेवटी गेलो, त्याने स्कॅनर लावल्यावर दोन कोड निघाले: पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग, आणि पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेल्याची नोंद. “काका, आधी मिसिंग काढू, मग कॅटचं बघू. नाहीतर नवीन घातलेलाही जळेल,” हे त्याचे पहिले वाक्य होते. बोनेट उघडून काचेखालच्या जाळीवर त्याने मगभर पाणी ओतून दाखवले. ते निचऱ्याच्या नळीतून बाजूला जाण्याऐवजी थेट दुसऱ्या कॉइलवर ठिबकत होते, कारण नळी आंब्याच्या मोहराने आणि पाचोळ्याने भरली होती. खारी हवा आणि तीन महिने ठिबकणारे पाणी यांनी कॉइलच्या रबरी टोपीला तडे गेले होते. कॉइल, चारही प्लग आणि निचऱ्याची सफाई यांवर चार हजारांच्या आसपास खर्च झाला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे हेच.

त्यानंतरही पी०४२० पुन्हा आला, तेव्हा त्याने लगेच कन्व्हर्टरला दोष दिला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा कोड खोटाही येऊ शकतो: कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे धुरातील ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो, आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा नळ्यांच्या गंजलेल्या जोडकडीतून (फ्लँज) बाहेरची हवा आत खेचली गेली, तर मागचा सेन्सर फसतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत गंजलेले फ्लँज ही दुर्मीळ बाब नाही. गळती नाही याची खात्री केल्यावर त्याने दोन्ही सेन्सरांचे आलेख स्कॅनरवर शेजारी शेजारी लावून मला दाखवले. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होणे हे योग्यच असते. कन्व्हर्टर निरोगी असेल तर मागच्याचा मात्र ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. माझ्या गाडीत दोन्ही रेषा एकमेकींची नक्कल करत होत्या. शेवटी पुढचा सेन्सर काढून त्या जागी दाबमापक बसवला, तेव्हा २५०० आरपीएमवर बॅक प्रेशर, म्हणजे अडलेल्या धुराचा इंजिनाकडे उलटणारा दाब, ३ पीएसआयच्या बराच वर गेला. कन्व्हर्टर तुंबला होता. निदानाचे त्याने ८०० रुपये घेतले. कन्व्हर्टर साफ करण्याचे म्हणून बाटलीतले द्रव विकले जाते, त्याचाही विषय निघाला होता. परंतु वितळलेली वीट कोणत्याही द्रवाने पूर्ववत होत नाही.

पर्याय चार होते. कंपनीचा जोड हा पहिला आणि निर्विवाद चांगला. गाडी पाच-सहा वर्षांची असती तर मी तोच घेतला असता. परंतु खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे माझी २०२९ मध्ये संपते, आणि दुरुस्तीच्या वेळी जिची विक्रीची किंमत दीड-दोन लाखांच्या घरात होती तिच्यात ५८ हजार घालणे मला पटले नाही. दुसरा पर्याय भंगारात निघालेल्या गाडीचा जुना कन्व्हर्टर बसवण्याचा होता; तो किती शिल्लक आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो मी विचारातच घेतला नाही. तिसरा, वीट फोडून डबा पोकळ ठेवण्याचा, गॅरेजांमध्ये सर्रास सुचवला जातो. शेजारच्या एका काकांनी तसे केले आणि मागच्या सेन्सरखाली लांब नट घालून दिवाही विझवला, पण पीयूसीच्या तपासणीत गाडी अडली. बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे, आणि पोकळ डब्याने ती पाळणे अवघडच. वैध पीयूसीशिवाय गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्या गाडीमागे उभे राहिले की डोळे चुरचुरतात, ते वेगळेच.

चौथा पर्याय मी घेतला: मॅनिफोल्डचे पाय तसेच ठेवून फक्त मधला डबा कापायचा आणि त्या जागी बाजारातला नवा कन्व्हर्टर वेल्ड करायचा. रत्नागिरीत असे काम करणारा खात्रीचा माणूस न मिळाल्याने कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावे लागले. तिथे दोन प्रकार दाखवण्यात आले. एक धातूच्या गाभ्याचा, चौरस इंचाला २०० कप्प्यांचा, आठ हजारांचा. दुसरा सिरॅमिकचा, ४०० कप्प्यांचा, साडेतेरा हजारांचा. कप्पे कमी म्हणजे लेपाला पृष्ठभाग कमी, आणि अशा कन्व्हर्टरवर पी०४२० परत येण्याची शक्यता जास्त. दुकानदार आठ हजारांच्या मालाचीच भलामण करत होता, कारण तो मोकळा असल्याने पिकअप चांगला मिळतो असे त्याचे म्हणणे होते. मी दुसरा घेतला. कापणे, वेल्डिंग, बसवणे यांचे तीन हजार आणि गॅस्केट व नव्या बोल्टचे आठशे रुपये झाले. जुना मागचा सेन्सर काजळीने माखला होता, म्हणून नवा सुमारे चार हजारांना घेतला. कापून काढलेला डबा मी मागून घेतला, आणि हे प्रत्येकाने करावे. अर्धवट वितळलेल्या विटेतही मौल्यवान धातू शिल्लक असतात, म्हणूनच तो डबा गॅरेजवाल्याला हवा असतो. मला त्याचे चार हजार रुपये मिळाले. वर दिलेल्या २५ हजारांत ते वजा केलेले नाहीत.

बसवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बोनेटमधून जळका वास आणि किंचित धूर येत होता. डबा आणि वीट यांच्यामध्ये जी गादी असते, तिच्यातील चिकट द्रव्य पहिल्या तापण्यात जळून जाते, त्याचा हा वास. तो आपोआप थांबला. घाटातली ओढ पहिल्याच फेरीत परत आली आणि अॅव्हरेज लिटरला १२ वरून १६ किलोमीटरपर्यंत सुधारले. या सुधारणेत मिसिंग थांबल्याचा वाटा मोठा आहे, त्यामुळे ती सगळी कन्व्हर्टरच्या खात्यावर जमा करणे योग्य होणार नाही. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.०३ टक्के आला. बदलण्यापूर्वी तो ०.९ होता.

तक्रारी आहेत, पण त्या बारीक आहेत. उन्हाळा संपेपर्यंत वेल्डिंगच्या सांध्यावर तपकिरी गंज धरला. मूळ डबा चांगल्या दर्जाच्या स्टेनलेसचा होता, नवा त्याच्या जवळपासही नाही, आणि आमच्या भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाऱ्यात हा फरक लगेच दिसतो. मे महिन्यात सांधा घासून त्यावर उष्णता सोसणारा चंदेरी रंग मारून घेतला. हे काम दरवर्षी करावे लागेल, असे दिसते. उष्णतारोधक पत्रा जुन्या डब्याच्या मापाचा असल्याने तो नव्यावर घट्ट बसत नाही आणि खराब रस्त्यावर खडखडतो. मोठी क्लिप लावून आवाज बराच कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही.

पावसाळ्यात मिसिंग एकदाही झाले नाही. सप्टेंबरमध्ये घाटाच्या लांब चढणीनंतर स्कॅनरवर पी०४२० प्रलंबित, म्हणजे अजून पक्का न झालेल्या स्वरूपात एकदा दिसला, दिवा मात्र लागला नाही आणि पुढच्या काही फेऱ्यांनंतर नोंद आपोआप पुसली गेली. मागच्या सेन्सरची रेषा आता नवा कन्व्हर्टर बसवला तेव्हाइतकी सपाट नाही. जोराच्या चढणीनंतर ती किंचित हेलकावे घेते. ऑक्सिजन साठवून ठेवण्याची क्षमता बाजारातल्या मालात कमी असते आणि ती आधी घटते, हे त्यामागचे कारण. शहरात मारुती मंदिर ते मांडवी अशा छोट्या फेऱ्यांत कन्व्हर्टर पुरता तापतही नाही, म्हणून आठवड्यातून एकदा आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्यापर्यंत गाडी मोकळी चालवतो. या सवयीचा रेषेवर चांगला परिणाम दिसला आहे.

इंजिन ऑइल कमी होत असेल, तर मात्र हा खर्च आत्ता करू नये. ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त लेपावर बसत जातात आणि नवा कन्व्हर्टरही हळूहळू निकामी होतो. अशा गाडीत आधी व्हॉल्व्ह सील आणि रिंगा पाहाव्यात. माझ्या गाडीत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइलची पातळी हलत नाही, म्हणून आणखी दोन-अडीच वर्षे तरी हा कन्व्हर्टर जाईल, असा माझा आणि मेकॅनिकचा अंदाज आहे. तो २०२९ च्या आधी निकामी झाला, तर पुन्हा ४०० कप्प्यांचाच वेल्ड करून घेईन. कॉइल, प्लग आणि सेन्सर नवे असल्याने तेव्हा खर्च डबा आणि मजुरी यांपुरता राहील, आणि दोन्ही वेळचा खर्च एकत्र केला तरी तो पहिल्या अंदाजपत्रकाच्या आतच बसतो.