फौज उतरवून की आकाशातून? इराक २००३ आणि लिबिया २०११

परकीय फौजेने एखाद्या हुकूमशहाला खाली खेचावं का, यावर मत ठरवायचं असेल तर ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहावीत. इराकमध्ये लाखाहून अधिक सैनिक जमिनीवर उतरले. लिबियात बाहेरून आली ती मुख्यतः विमानं. राजवट दोन्हीकडे पडली. पाहायचं ते दुसऱ्या दिवसापासूनचं: पगार कोण देतं आणि शस्त्रागाराच्या किल्ल्या कुणाकडे जातात.

बगदाद ९ एप्रिल २००३ रोजी, तीन आठवड्यांत पडलं. सरकार पाडायला तेवढी फौज पुरली, शहरं राखायला पुरली नाही. राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५ हजार वस्तू गेल्या आणि पहाऱ्याविना पडलेल्या कोठारांतून दारूगोळा गेला. पण खरा घाव घातला तो दोन सरकारी कागदांनी. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या १६ मेच्या पहिल्या आदेशाने सद्दाम हुसेनच्या सत्ताधारी बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतले सदस्य सरकारी नोकरीतून बाद झाले. शिवाय मंत्रालयं, विद्यापीठं, रुग्णालयं यांच्या वरच्या तीन स्तरांवर पक्षाचा साधा सदस्य असला, तरी त्यालाही नारळ. सद्दामच्या काळात बढतीची वाट पक्षातूनच जायची, त्यामुळे यात हजारो शिक्षकही भरडले गेले. २३ मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्यच बरखास्त केलं. चार लाखांच्या घरातली माणसं एका सहीत बेकार झाली आणि बंदूक चालवायची कशी हे त्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये त्यांचे मोर्चे निघाले, तेव्हा कुठे महिना ५० ते १५० डॉलर भत्ता जाहीर झाला. तोवर बंडखोरीला माणसं मिळू लागली होती. पुढे इस्लामिक स्टेटच्या लष्करी फळीत सद्दामचे जुने अधिकारी दिसले, त्याचं मूळ इथे आहे. आणि ज्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी हा घाट घातला, ती सापडलीच नाहीत.

लिबियाचा मामला वेगळा. तिथे हुकूमशहा गद्दाफीविरुद्ध आधी देशातच उठाव झाला होता. १७ मार्च २०११ चा सुरक्षा परिषदेचा ठराव १९७३ नागरिकांच्या रक्षणापुरता होता. परकीय कब्जा त्यात स्पष्ट शब्दांत वगळलेला होता. बाजूने १० मतं पडली. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. त्याआधीच तिथल्या भारतीयांना परत आणायला मुंबईहून नौदलाची जहाजं निघाली होती. उठाव करणाऱ्यांच्या ताब्यातलं बेनगाझी शहर वाचवण्यापासून सुरू झालेली मोहीम गद्दाफी २० ऑक्टोबरला मारला जाईपर्यंत चालली आणि ३१ ऑक्टोबरला ती चालवणाऱ्या नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीने गाशा गुंडाळला. लढाईत नाटोचा एकही सैनिक गेला नाही. बाहेरच्यांसाठी हा सौदा स्वस्त पडला, आणि नेमकी तिथेच गोम आहे: ज्याचं काही पणाला लागलेलं नाही, तो निस्तरायला थांबत नाही.

गद्दाफीने पक्ष, संसद, सक्षम सैन्य यांपैकी काहीच उभं राहू दिलं नव्हतं. इराकमध्ये होती ती यंत्रणा मोडली. इथे मोडायलाही फारशी नव्हती. नव्या सरकारने गद्दाफीविरुद्ध लढलेल्या सशस्त्र टोळ्यांना शांत ठेवण्यासाठी लढवय्यांना सरकारी पगार सुरू केले. मग लढलेल्यांपेक्षा यादीतली नावं कितीतरी अधिक झाली आणि टोळी मोडण्यापेक्षा वाढवणं फायद्याचं ठरलं. मे २०१३ मध्ये मंत्रालयांना सशस्त्र वेढा घालून जुन्या राजवटीतल्यांना पदांपासून दूर ठेवणारा कायदा मंजूर करून घेतला गेला. बगदादचा पहिला आदेश डोळ्यांसमोर असताना! त्याच वर्षी तेलाची बंदरं अडवली गेली आणि पूर्वी दिवसाला सुमारे १६ लाख पिंपं असलेलं उत्पादन पार कोसळलं. २०१४ पासून देशात बहुतेक काळ दोन सरकारं. शस्त्रं सीमा ओलांडून गेली ती वेगळीच. २०१२ मध्ये मालीच्या उत्तरेत उसळलेल्या बंडात लिबियाहून परतलेले, सहारा वाळवंटातल्या तुआरेग जमातीचे लढवय्ये होते.

‘मग १९७१ चं काय?’ हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. तिथे भारताने इस्लामाबादची सत्ता बदलली नाही. ढाक्यात बसवायला १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या जवळपास सगळ्या जागा जिंकलेला पक्ष तयार होता आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज परतली. बगदाद किंवा त्रिपोलीत असा कौल मिळालेला वारसदार नव्हता, त्यामुळे ते उदाहरण इथे लावता येत नाही.

दोहोंत निवडायचंच झालं, तर इराकमध्ये आज निवडणुका होतात आणि सरकारं बदलतात, वाटे शिया-सुन्नी-कुर्द असे ठरलेले असले तरी. त्याची किंमत म्हणजे एक लाखाहून अधिक नागरी बळी आणि साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक. लिबियात बळी त्या मानाने कमी, पण डिसेंबर २०२१ ला ठरलेली अध्यक्षीय निवडणूक अजून झालेली नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ‘फक्त हवाई हल्ले’ असा प्रस्ताव आला, तर ठरावाचा मसुदा वाचताना आधी एवढंच शोधा: राजवट पडल्यावर पहिल्या महिन्याचा पोलिसांचा पगार कोण देणार, हे त्यात कुठे लिहिलंय का? ठराव १९७३ मध्ये ते नव्हतं.