कान्हेरी की कर्नाळा? मुलांना घेऊन जाताना

चार-पाच वर्षांचं मूल आणि गुडघेदुखीचे आजोबा सोबत असतील तर सरळ कान्हेरीची बौद्ध लेणी गाठा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. ते अंतर बसने जा, पायांची ताकद वरच्या पायऱ्यांसाठी राखा. उद्यान सोमवारी बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात), थांबाच. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या उंच मूर्ती आहेत. पुढे खडकातली पाण्याची टाकी मुलांना आवर्जून दाखवा: डोंगरावरचं पावसाचं पाणी कोरलेल्या पन्हळींतून त्यात उतरतं. पावसाळ्यात मात्र याच कातळावर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास सरकते. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात, म्हणून सगळं सॅकमध्ये, चेन लावून.

पनवेलजवळचा कर्नाळा हा खरा चढ. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या अभयारण्यातून किल्ल्यावर पोचायला मुलांसह दोन तास धरा. सुरुवातीची झाडी सावली देते, पण मुळांत पाय अडकतात. शेवटचा टप्पा उभा आणि उघडा. आठ वर्षांखालच्या मुलांना आम्ही तो सुचवणार नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या, सातपर्यंत चढायला लागा. माथ्यावरच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात: तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा अजिबात नको. पक्षी बघायचे असतील तर वर न जाता खालच्या जंगलवाटेवर सकाळ घालवा, तीच जास्त सुंदर.