‘हार्डी’ या शब्दाला भुलून घेतलेली चार रोपे

मागच्या डिसेंबरात नागपुरातील रोपविक्रीच्या एका मांडवात मी ‘हार्डी किवी’ची चार रोपे प्रत्येकी ६५० रुपयांना घेतली. रोपांना एकही पान नव्हते. थंडीत हा वेल पाने गाळून सुप्तावस्थेत जातो, असे विक्रेत्याने सांगितले आणि ते खरेच आहे. नर व मादी वेल वेगळे असतात, एक नर सहा-आठ माद्यांना पुरतो, फळ द्राक्षाएवढे असून सालीसकट खाता येते, हेही त्याने बिनचूक सांगितले आणि नराला निळी, माद्यांना लाल फीत बांधून दिली. इतके सगळे बरोबर सांगणाऱ्या माणसावर संशय घ्यावा, असे मला वाटलेच नाही.

आपल्याकडच्या उन्हाचे काय, असे विचारल्यावर मात्र तो म्हणाला, “काकाजी, नावातच हार्डी हाये ना!” हा काटकपणा थंडीपुरता आहे, हे मला फार उशिरा कळले. जपान, कोरिया, उत्तर चीन आणि रशियाच्या अतिपूर्व भागातील हा वेल सुप्तावस्थेत उणे ३० अंशांच्या आसपासची थंडी सोसतो आणि नीट फुलण्यासाठी त्याला कित्येक आठवड्यांचा गारठा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो आणि जानेवारीतही दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. बाजारातली नेहमीची केसाळ किवीसुद्धा भारतात अरुणाचल, हिमाचल अशा डोंगराळ प्रदेशांतच होते. म्हणजे रोपे अस्सल असती, तरी फळ धरण्याची आशा नव्हतीच.

पण ती अस्सलही नव्हती. फेब्रुवारीत फुटलेल्या वेलांनी तणावे फेकले, नराने आणि माद्यांनी सारखेच. किवीला तणावे नसतात. तिचे खोडच आधाराला वेढे घालत चढते. नाशिककडे द्राक्षबाग असलेल्या माझ्या मेहुण्यांनी छायाचित्र पाहताच डॉगरिज ओळखले. द्राक्षाचे कलम करण्यासाठी लावतात ते हे जंगली खुंटरोप, आणि ते तिकडे अगदी किरकोळ भावात मिळते.

पानांवाचून रोप घेऊ नये, आणि पावतीवर जातीचे नाव व रोपवाटिकेचा परवाना क्रमांक लिहून घ्यावा. माझ्या चिठ्ठीवर ‘फळझाडे, ४ नग’ एवढेच होते आणि त्यावरचा दूरध्वनी क्रमांक बंद होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मला विक्रेत्याचे नाव-पत्ता विचारला, तेव्हा सांगण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते.