अडीच इंची सक्शन ड्रेज: यंत्राला चार तारे, खरेदीला दोन

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून सकाळी गाडी काढली की दुपारच्या आत यूबा किंवा अमेरिकन नदीवर पोचता येतं. त्या हिशोबाने कुणी अडीच इंची ड्रेज, म्हणजे अडीच इंची नळीने नदीच्या तळाची खडी-वाळू ओढून त्यातलं सोनं वेगळं करणारं यंत्र, घ्यायला निघालं असेल, तर आधी एवढं ऐका: यंत्र उत्तम आहे, पण त्या नद्यांत ते चालवता येत नाही. नुसतं काठावर नेलं तरी अडचण होते. ती कशी, ते पुढे.

आधी यंत्र. आपल्याकडे बोटीवर लावलेल्या सक्शन पंपाने वाळू उपसतात, तिथे वाळू पंपातूनच जाते आणि पंखा झिजतो. ड्रेजमध्ये तसं नाही. पेट्रोल इंजिनावरचा पंप फक्त साधं पाणी ओढतो आणि ते दाबाने जेटमध्ये सोडतो. त्या धारेमुळे मागे पोकळी तयार होते आणि खडी-वाळू वेगळ्या नळीतून वर स्लूसमध्ये, म्हणजे उतरत्या पेटीत, येते. स्लूसमध्ये आडव्या पट्ट्या, त्यांखाली जाळी आणि गालिचा. सोनं जड, ते पट्ट्यांमागे बसतं. बाकीचं नदीत परत.

रचना साधी, म्हणून दुरुस्तीही घरच्या घरी होते. घोडं पेंड खातं ते बहुधा दोनच ठिकाणी. पहिलं, पाणी ओढणारी नळी. तिच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह पालापाचोळ्याने अर्धवट उघडा राहिला किंवा क्लँप ढिला असला, की पंप हवा ओढतो आणि जोर जातो. इंजिन सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरलाच पाहिजे. कोरडा फिरवला तर शाफ्टचं सील थोड्याच वेळात जळतं. दुसरं, जेटच्या तोंडाशी अडकणारा चपटा दगड. त्यासाठी नोझलला, म्हणजे नळीच्या माल ओढणाऱ्या तोंडाला, नळीपेक्षा अर्ध्या इंचाने लहान कडं असतं, म्हणजे अडीच इंची नळीला दोन इंची तोंड. ‘माल कमी येतो’ म्हणून हे कडं काढणारे लोक नंतर निम्मा दिवस नळीत काठी घालत बसतात.

स्लूसचा उतार फुटाला पाऊण ते एक इंच ठेवा. तीन फुटी पेटीचं वरचं टोक सव्वादोन ते तीन इंच उंच झालं की पुरे. जास्त उतार दिला तर बारीक सोनं वाहून जातं, कमी दिला तर पट्ट्यांमध्ये काळी वाळू घट्ट बसते. संध्याकाळी गालिचा टबात धुवायचा, आधी ८ आणि मग २० मेशच्या (इंचाला तितकी भोकं असलेल्या) चाळणीतून माल काढायचा, वाळवलेल्या काळ्या वाळूवरून चुंबक फिरवायचं आणि उरलेलं झारेकऱ्यासारखं परातीत घोळवायचं. सिएरा डोंगररांगेतल्या नद्यांच्या गाळात गोल्ड रशच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या सोनेशोधाच्या लाटेच्या, काळातला पारा अजून आहे. चंदेरी दिसणारं ‘सोनं’ म्हणजे पारा चढलेलं सोनं. ते घरच्या शेगडीवर कधीही तापवू नका, वाफ विषारी असते.

जाहिरातीतला ताशी घनयार्डाचा आकडा सुट्या वाळूचा असतो. घट्ट बसलेल्या खडीत तो मिळत नाही. चार इंची ड्रेजच्या नळीचं तोंड क्षेत्रफळाने अडीच इंचीच्या अडीच पट, तेव्हा मालाची अपेक्षा त्या बेताने ठेवा.

आता तारे कापले गेले त्याचं कारण. करुक या मूलनिवासी जमातीने कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातल्या सामन माशांसाठी २००५ मध्ये राज्याच्या मत्स्य खात्यावर दावा लावला. ऑगस्ट २००९ मध्ये एसबी ६७० हा राज्याचा कायदा आला आणि ड्रेजचे परवाने थांबले. परवान्याशिवाय चालवायचं नाही आणि परवाना द्यायचा नाही, अशी ही गाठ. क्लेमधारकांचं, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर खनिज काढण्याचा हक्क नोंदवलेल्यांचं, म्हणणं होतं की १८७२ च्या केंद्रीय खाणकायद्याने दिलेला हक्क राज्य असा आडवळणाने काढून घेऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते फेटाळलं: केंद्राचा कायदा जमिनीवरचा हक्क देतो, ठरावीक पद्धतीनेच खोदण्याची हमी देत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यात पडायला नकार दिला. त्याच वर्षी नवव्या सर्किटने, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, शेजारच्या ऑरेगॉन राज्याची बंदीही कायम ठेवली. थोडक्यात, विक्रेता ‘क्लेम असेल तर चालतं’ म्हणाला तर त्याच्याकडची माहिती शिळी आहे.

बाळगण्याचं कलम बरेच जण वाचत नाहीत. कॅलिफोर्नियात ड्रेजसाठी बंद असलेल्या पाण्यापासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत ते जवळ असणं हाच गुन्हा आहे. ‘इंजिन बंद होतं’ हा बचाव तिथे उपयोगाचा नाही. शिवाय २०१५ च्या एसबी ६३७ या कायद्याने ड्रेजची व्याख्या इतकी रुंद केली की मोटरने चालणारं काठावरचं यंत्रही तीत येऊ शकतं.

आयडाहोत अजून चालवता येतं, पण नोझल ५ इंचांपर्यंत, इंजिन १५ अश्वशक्तीपर्यंत, आणि जलसंपदा व पर्यावरण अशा दोन्ही खात्यांची कागदपत्रं लागतात. तिथला वाद ऐकण्यासारखा होता: ताक घुसळून लोणी काढलं, ताक त्याच भांड्यात ओतलं, मग प्रदूषण कसलं? नवव्या सर्किटने २०२३ मध्ये सांगितलं की गाळ उपसून, प्रक्रिया करून परत सोडला की तो पाण्यात घातलेला प्रदूषकच, परवाना घ्या. आमच्या मते निकाल बरोबर आहे. ज्याने ड्रेजमागचा गढूळ पट्टा पाहिलाय त्याला ते पटायला जड जाऊ नये. अलास्कातही परवान्याने चालतं.

सुट्टीत भारतात नेण्याचा बेत असेल तर सोडा. १९५७ च्या खाण आणि खनिजे कायद्यात सोनं मोठं खनिज आहे, त्याचा पट्टा लिलावात जातो. ग्रामपंचायतीच्या ना-हरकत पत्रावर नदीत उतरता येत नाही.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी परात आणि बिनमोटरचा स्लूस घ्यावा, आणि निघण्याआधी बीएलएमच्या (केंद्राच्या जमीन खात्याच्या) एमएलआरएस या ऑनलाइन नोंदींत ती जागा दुसऱ्याच्या क्लेममध्ये नाही ना, ते पाहावं. आयडाहो-अलास्कावाल्यांनी जुनं ड्रेज घेताना विक्रेत्याला पाणी भरलेल्या पिंपावर दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगावं. पंपाच्या शाफ्टखाली थेंब दिसला तर सीलचा खर्च किमतीतून वजा करा.