सहा महिने क्यूब-एडीएम: कमांड बरोबर, पण चालवायची कुठे?

परवा रात्री आमच्या क्लस्टरला तिसरा वर्कर (प्रत्यक्ष काम करणारं मशीन) जोडायला बसलो आणि पुन्हा अडकलो, म्हणून हे लिहितोय. सहा महिन्यांपूर्वी आमच्या छोट्या ऑफिससाठी भाड्याच्या मशीनवर क्यूब-एडीएम या टूलने कुबरनेटिसचा क्लस्टर (कंटेनरमधली ॲप्स मिळून चालवणारा मशीनचा गट) उभा केला. तयार मॅनेज्ड (कंपनीच सांभाळते अशा) क्लस्टरचे दरमहा वेगळे पैसे परवडत नव्हते, एवढंच कारण. क्लाउड कंपनीचं मार्गदर्शक पान समोर होतं आणि माझा सगळा राग त्या पानावर आहे.

कमांड एकाखाली एक, कॉपी-पेस्ट करत जायचं. पण कोणती कंट्रोल प्लेनवर (क्लस्टर सांभाळणाऱ्या मुख्य मशीनवर), कोणती वर्करवर, कोणती आपल्या लॅपटॉपवर, हे कुठेच नाही. स्वॅप (डिस्कवरची पूरक मेमरी) बंद करणं, कंटेनरडी (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवणं हे प्रत्येक मशीनवर करायचं असतं; इनिट, म्हणजे क्लस्टर सुरू करणारी कमांड, फक्त कंट्रोल प्लेनवर. मी सगळं एकाच मशीनवर केलं. पानावरून तसंच वाटत होतं!

त्यात प्रत्येक ओळीपुढे सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावाने चालवा. क्यूबसीटीएल हे क्लस्टरशी बोलायचं टूल; नोड (क्लस्टरमधली मशीन) बघायला 'सुडो क्यूबसीटीएल गेट नोड्स' दिलं की उत्तर यायचं, लोकलहोस्टच्या (त्याच मशीनच्या) ८०८० पोर्टला कनेक्शन नाकारलं. मी फायरवॉलमध्ये ८०८० उघडत बसलो. क्यूबसीटीएल ज्याच्याशी बोलतं तो क्लस्टरचा एपीआय असतो ६४४३ वर! क्लस्टरचा पत्ता सांगणारी कॉन्फिग फाइल माझ्या युजरच्या होममध्ये होती, आणि सुडोमुळे क्यूबसीटीएल ती रूटच्या होममध्ये शोधत होतं. सापडली नाही की ते मुकाट्याने ८०८० कडे जातं. सुडो काढला, नोड दिसला. या एका शब्दापायी शनिवार-रविवार गेले आणि तेवढे तास मशीनचं भाडं चालूच होतं.

दोन महिने मी क्यूब-एडीएमलाच नावं ठेवत होतो. मग क्लस्टर मोडून नव्याने उभा केला, तेव्हा इनिट संपल्यावर स्क्रीनवर येणारा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. त्यात स्वच्छ लिहिलंय: या तीन ओळी साध्या युजरने चालवा, रूट असाल तर त्याऐवजी ही एक, आणि क्लस्टरमध्ये सामील करणारी जॉइनची कमांड प्रत्येक वर्करवर रूट म्हणून. मला हवं होतं ते सगळं तिथे होतं. कंपनीच्या पानाने नेमकं तेच छाटलं होतं. त्यामुळे टूलबद्दलचं माझं मत बदललंय. क्लस्टर तेव्हापासून शांतपणे चालतोय, मशीनमशीनवरचे कंटेनर जोडणारं फ्लॅनेलचं नेटवर्कही एकदा बसवलं ते बसवलं.

आता परवाचं. जतन केलेली जॉइन कमांड नव्या वर्करवर टाकली, तर जेडब्ल्यूएस सिग्नेचर (डिजिटल सही) सापडत नाही म्हणे. त्या कमांडमधलं टोकन (क्लस्टरमध्ये शिरायचा तात्पुरता परवाना) मुळात २४ तासांचंच असतं. कंट्रोल प्लेनवर 'क्यूब-एडीएम टोकन क्रिएट' ला 'प्रिंट जॉइन कमांड' हा पर्याय जोडला की नव्या टोकनसकट पूर्ण ओळ मिळते. मिनिटभराचं काम. पानावर त्याचा उल्लेख नाही, 'ही कमांड जपून ठेवा' एवढं मात्र ठळक अक्षरात आहे.

सपोर्टला तिकीट टाकलं. तीन दिवसांनी त्याच पानाची लिंक आली आणि तिकीट बंद. मी ते पुन्हा उघडलंय. प्रत्येक कमांडपुढे मशीन आणि युजर लिहून अख्खं पान त्यांना पाठवलंय. बदल केला तर इथेच कळवेन.